किशोरांसाठी लघुकथा: ‘बदल’ सांगायचा नाही, दाखवायचा. बांधणी, तपशील आणि नेहमीच्या चुका

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

तेरा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कथांमध्ये एक खोड वारंवार दिसते. शाळा बदलते, गाव सुटतं, आजोबा जातात, जिवलग मैत्रीण दुरावते. प्रसंग खरा असतो. मग शेवटच्या परिच्छेदात ‘त्या दिवशी मी मोठी झाले’ असं वाक्य येतं आणि सगळ्यावर पाणी पडतं. मोठं होणं वाचणाऱ्या पोराला दिसलेलंच नसतं, नुसतं कळवलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या वयातला बदल हाताच्या कामातून दिसला पाहिजे. कालपर्यंत जे काम दुसरं कुणी करत होतं ते आज या मुलाच्या हातात आलं. आधी बिघडलं, मग जमलं, मग ते जमतंय हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. ही तिसरी पायरी म्हणजे मोठं होणं. ती पात्राला कळायची गरज नाही, वाचकाला कळली की झालं.

नुसतं तत्त्व बोलून उपयोग नाही, म्हणून एक आराखडा मांडते. सगळ्यांनी मिळून तो तपासू.

बीड जिल्ह्यातलं गाव. मुलगी नववीत, धाकटा भाऊ पाचवीत. आईवडील ऊसतोडीला जातात. आजवर आजीसकट सगळं घर जायचं आणि दाराला कुलूप लागायचं. या वर्षी आजीचे गुडघे चालत नाहीत आणि मुलीची नववी बुडवायची नाही, म्हणून तिघं मागे राहतात. पहिलं वाक्य: ‘या वर्षी कुलूप खिळ्यालाच राहिलं.’ शेवट: आईवडील परत येतात, आई चुलीपाशी बसते आणि तिला मीठ सापडत नाही.

लांबी १८०० ते २००० शब्द. हाताने लिहिलं तर फुलस्केपची आठ-नऊ पानं होतात. वाटणी साधारण अशी: निघण्याचा दिवस ३५० शब्द, पहिला आठवडा ५००, मधले चार महिने ६००, परतणं ४००. मधले चार महिने हा भाग सगळ्यात अवघड आहे. त्यात काळ पळवावा लागतो आणि तो पळतोय हे फक्त वस्तूंवरून कळावं लागतं.

चुका दाखवा. तपशिलाच्या चुका आधी.

---

कोरडवाहू

आराखडा पक्का आहे. तपशील घ्या.

गाळप हंगाम, म्हणजे कारखान्यात ऊस गाळण्याचा काळ, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात. तुमचं ‘निघणं’ दिवाळीच्या आगेमागे ठेवा. त्याचा कथेला फायदाच आहे, कारण शाळेला सुट्टी असते आणि पोरं घरी असतात. सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होईपर्यंत घर रिकामं झालेलं असतं.

पैसा निघताना मिळत नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि बहुतेकदा खर्चूनही झालेली असते. निघताना बापाच्या हातात नोटांची गड्डी दाखवलीत तर तिकडचा वाचक तिथेच ओळखेल की लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. परततानाही तेच. हिशेब होतो, तोडलेला ऊस उचलीतून वळता होतो, पुष्कळदा बाकी अंगावरच राहते. त्यामुळे ‘बाबांनी येताना नवी सायकल आणली’ असा शेवट नको.

शब्द: नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘कोयता’. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. तोड चालते तो ‘फड’, राहायची झोपडी ‘कोपी’, बांधलेला ऊस ‘मोळी’, शेंड्याकडचा हिरवा पाला ‘वाढं’. हे शब्द कथेत समजावून सांगू नका. आई फोनवर म्हणाली, ‘आज वाढं इकून भाजी आणली’, तर शहरातल्या मुलालाही संदर्भाने कळतं.

फोनचंही बघा. गाडी भरायला रात्री-अपरात्री जावं लागतं, कोपीवर बहुतेक ठिकाणी वीज नसते, मोबाइल कुठल्या तरी दुकानात चार्ज करावा लागतो. ‘रोज आठला आईचा फोन यायचा’ हे जमत नाही. फोन कधीही येतो आणि लवकर संपतो. ही अडचण नीट वापरली तर मधले चार महिने त्यावरच उभे राहतील. पहिल्या फोनवर मुलगी विचारते, ‘कणगीतली ज्वारी काढू का?’ दुसऱ्यावर सांगते, ‘काढली.’ तिसऱ्यावर तो विषयच निघत नाही.

---

शाईदौत

तिसऱ्या फोनची कल्पना घेण्यासारखी आहे. एक प्रश्न: प्रथमपुरुषी निवेदन का नको? या वयाला ‘मी’ जवळचा वाटतो.

---

जुनी वही

‘मी’ चालेल, पण तो ‘मी’ किती वर्षांचा आहे हे आधी ठरवा. चौदा वर्षांची मुलगी बोलत असेल तर तिला फक्त आजवरचंच माहीत असतं. मराठी किशोरकथांतला ‘मी’ पुष्कळदा चाळिशीचा असतो आणि चौदाचा असल्याचं भासवतो. खुणा ओळखायला सोप्या आहेत: ‘तेव्हा मला कुठे ठाऊक होतं’, ‘आज मागे वळून पाहताना’, ‘त्या निरागस दिवसांत’. चौदा वर्षांचं कुणीही स्वतःला निरागस म्हणत नाही. ही वाक्यं शोधून काढली की अर्धी कथा आपोआप तरुण होते.

या कथेला मात्र तृतीयपुरुषीच बरी. मुलीला जे कळत नाही तेच वाचकाला कळायचं आहे. ‘मी’ने सांगायचं तर तिला स्वतःच्या हाताकडे बघत बसावं लागेल. तृतीयपुरुषी ठेवा, पण कॅमेरा तिच्या खांद्यावर असू द्या. आजीच्या मनात काय चाललंय ते लिहायचं नाही. आजी गुडघा दाबते, उठते, पुन्हा बसते एवढंच लिहायचं.

लंपनच्या गोष्टी आठवा. आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, आईवडील आणि भावंडं दुसऱ्या गावी. तिथे ‘मी’ चालतो, कारण प्रकाश नारायण संतांनी त्याला वयापलीकडचं शहाणपण न देता बेळगावकडची भाषा दिली आणि जग त्या भाषेच्या आत ठेवलं. ‘मी’ वापरायचा तर तेवढी पक्की बोली हाताशी हवी.

---

हुरडा

पहिल्या आठवड्याला ५०० शब्द दिलेत, त्यात घडणार काय? ‘स्वयंपाक जमेना’ एवढ्यावर भागवू नका. भाकरी बिघडण्याला कारणं असतात आणि त्यांतच गोष्ट आहे.

तीन माणसं, दोन वेळा, म्हणजे दिवसाला आठेक भाकऱ्या. एक किलो पिठाच्या दहा-बारा होतात. आठवड्याला पाच किलो ज्वारी दळावी लागते. नवखी मुलगी काय करेल? गिरणीचा हेलपाटा वाचवायला दहा-बारा किलो एकदम दळून आणेल. शिळं पीठ विरी सोडतं, चिकटपणा राहत नाही, भाकरी थापताना कडेला चिरते आणि उचलताना हातात मोडते. बाजरीचं पीठ तर लवकर कडूही होतं.

म्हणजे पहिल्या दिवशी भाकरी बरी होते, पाचव्या-सहाव्या दिवसापासून मोडायला लागते. मुलीला वाटतं आपलाच हात बिघडला. हा उलटा क्रम कथेला फार कामाचा आहे, कारण वाचक ‘हळूहळू जमेल’ अशी वाट बघत असतो आणि घडतं भलतंच. आजी व्याख्यान देत नाही. म्हणते, ‘पाणी उकळून घाल.’ उकळत्या पाण्याने पीठ भिजवलं की विरी नसलेलं पीठही धरून राहतं. पुढच्या वेळी मुलगी पाचच किलो दळते. गिरणीवाला विचारतो, ‘एवढंच?’ ती मान हलवते. समज वाढली हे त्या मान हलवण्यात आलं, वेगळं वाक्य नको.

करण्याची रीतही बरोबर लिहा. पीठ तळव्याच्या टाचेने मळायचं, परातीत कोरडं पीठ पसरून थापायची, तव्यावर पिठाची बाजू वर ठेवून तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, मग चुलीच्या आरावर फुगवायची. पाणी फिरवायला उशीर झाला तर वरून भेगा पडतात. एकीकडे जाड, एकीकडे पातळ झाली तर फुगत नाही. यातली एकच चूक निवडा. सगळ्या घातल्या तर कथेची पाककृती होईल.

---

चौकट

मला आराखडा फार शांत वाटतो. ऊसतोडीच्या पट्ट्यात मुलींची लग्नं लवकर लावतात हा मोठा प्रश्न आहे. मुलगी नववीत आहे, आईवडील बाहेर आहेत. स्थळ येतं, ती नकार देते, असं केलं तर कथेला ताकद येईल. निदान भावाला साप चावणं वगैरे काही तरी हवं.

---

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

साप नको. अपघात आणला की बदल अपघाताच्या नावावर जातो. भाऊ वाचला, सगळे रडले, मुलगी शूर ठरली. चार महिने रोज पाणी भरण्यात जे घडलं ते त्या एका रात्रीखाली पुसून जातं.

लग्नाचा मुद्दा गंभीर आहे, म्हणूनच २००० शब्दांच्या कोपऱ्यात तो बसवणार नाही. स्थळ आणलं तर ते कोण आणतं, आजी काय म्हणते, आईबापांना कळवायचं कसं, शाळेतल्या बाईंना सांगायचं का, अठरा वर्षांच्या आतलं लग्न बेकायदा आहे हे मुलीला माहीत आहे का, १०९८ या चाइल्डलाइनला फोन कोण करणार, हे सगळं लिहावं लागतं. ती दुसरी कथा आहे. तिची नायिका हीच असेल, पण पहिलं वाक्य वेगळं असेल. एका कथेत एकच बदल. दुसरा घुसवला की दोन्हींचा निकाल शेवटच्या पानावर घाईत लावावा लागतो.

---

कोरडवाहू

अर्धी सहमती. कथा लग्नाची करू नका, पण त्या गावात ती भीती हवेत असतेच. ती मुळीच नसली तर कथा खोटी पडेल. एक ओळ पुरे. वर्गातला एक बाक दिवाळीनंतर रिकामा राहतो आणि हजेरी घेताना सर ते नाव वगळतात. कारण लिहू नका. तेरा-चौदाच्या वाचकाला पुरेसं कळतं, आणि ज्याला कळत नाही तो विचारेल.

---

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

घेतलं. माझ्या मनात होतं त्यापेक्षा हे चांगलं आहे.

---

खडूफळा

शाळेचे तपशील. नववी निवडलीत ते योग्य केलंत, पण तिचा उपयोग करून घ्या. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. मोफत पाठ्यपुस्तकंही आठवीपर्यंतच. म्हणजे भावाला शाळेत खिचडी मिळते आणि हिला डबा न्यावा लागतो. आजवर डबा आई करायची असं गृहीत धरू नका. गेल्या वर्षीपर्यंत डब्याची गरजच नव्हती. घरात डबाच नसेल! कशात नेते? फडक्यात बांधून. नववीची पुस्तकं दहावीत गेलेल्या कुणाकडून अर्ध्या किमतीत घेतलेली असतील, समासात दुसऱ्याच्या अक्षरातली उत्तरं असतील.

हायस्कूल दुसऱ्या गावाला असेल तर जाण्यायेण्याचा हिशेब नीट करा. ‘पासाला पैसे नव्हते म्हणून शाळा सुटली’ हे मुलीच्या बाबतीत लिहू नका. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. खरी अडचण वेळेची असते. गाडी चुकली तर पुढची दीड-दोन तासांनी. मुलग्याची कथा असेल तर पासाचे पैसे लागतात, सवलत ६६.६७ टक्के.

वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. टोळ्या परतण्याचा काळही तोच. आई दारात येते तेव्हा मुलगी पुस्तक घेऊन बसलेली असू शकते. ती उठते की आधी ओळ पूर्ण करते? एवढ्यात खूप काही आहे.

आणखी एक, आणि हे कळकळीने सांगतो: शिक्षकाला भाषण देऊ नका. किशोरकथेत सर किंवा बाई आले की समजूत घालतात, आणि मग मुलाने स्वतः शोधायचं काही उरत नाही. शिक्षकाने फार तर वस्तुस्थिती सांगावी. ‘उद्या गणिताची वही आण.’ बस.

---

गोदाकाठ

बोलीबद्दल. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद मराठवाडी बोलीत ठेवा, पण मात्रा बेताची. प्रत्येक शब्द मोडून लिहिला तर पुण्या-ठाण्याचं पोर अडखळतं आणि बीडच्या पोराला आपली टिंगल चाललीय असं वाटतं. चार-पाच खुणा धरा आणि त्या शेवटपर्यंत पाळा: ‘काय करायलीस’, ‘कामून’, ‘लय’, ‘मव्हं’, ‘न्हाई’. म्हणजे ‘मव्हं दप्तर कुठंय?’ किंवा ‘कामून रडायलीस?’ चुकूनही ‘गं बाई’, ‘अगं ऐकलंस का’ असली नाटकातली खेडवळ भाषा नको. कोल्हापूरकडचं ‘करतोया’ आणि मराठवाड्यातलं ‘करायलाय’ एकाच तोंडी घालू नका.

आजी नातीला नावाने हाक मारेल किंवा ‘पोरी’ म्हणेल. भाऊ बहिणीला ‘आक्का’ किंवा ‘ताई’. आणि आजवर तो तिच्यावर ओरडत असेल तर तो चार महिन्यांत एकदम आज्ञाधारक होत नाही. तो भांडेल, पण आता चड्डीचं बटण तुटलं तर तिच्याकडे येईल.

---

शाईदौत

मुलगी चौदाची आहे, आई घरी नाही. मासिक पाळीचा उल्लेख टाळायचा का?

---

हुरडा

टाळू नका आणि त्याचा सोहळाही करू नका. चौदाव्या वर्षी पाळी बहुतेकींना सुरू झालेली असते, त्यामुळे ‘पहिल्यांदा’चा प्रसंग इथे लागत नाही. प्रश्न व्यवहाराचा आहे. आजवर पॅड आई आणायची. आता दुकानात ती जाणार. दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. भाऊ विचारतो, ‘पुड्यात काय?’ ती म्हणते, ‘मव्हं सामान.’ दोन ओळी, पुढचं वाक्य किराण्याच्या हिशेबाचं.

---

आडवाट

धागा उसाच्या फडातून थोडा बाहेर काढतो. हेच तंत्र शहरात कसं लावणार? समजा मुंबईतली चाळ पुनर्विकासाला जातेय.

---

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

तिथेही हाताचं काम शोधायचं. चाळ रिकामी होताना मोठी माणसं करारनामा, भाडं, संक्रमण शिबिर यांत गुंतलेली असतात. दहावीतल्या मुलाच्या वाट्याला काय येतं? पोटमाळा रिकामा करणं. कुठली वस्तू नवीन जागेत मावेल हे ठरवायला टेपने मोजणं. चाळीतली खोली १०×१२ फुटांची, गॅलरी सामाईक. नव्या घरात चौरस फूट वाढतात आणि गॅलरी जाते. कथा त्या गॅलरीची करा, टॉवरच्या उंचीची नको. बिल्डर खलनायक आणि चाळ म्हणजे स्वर्ग ही मांडणीही टाळा. सामाईक संडासाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीला नवं घर हवंच असतं. हवं असणं आणि तुटणं दोन्ही एकाच वेळी असतं, आणि या वयात ते पहिल्यांदा जाणवतं.

---

जुनी वही

मसुदा झाल्यावरची तपासणी. कथा तेरा-चौदाच्या मुलाला द्या, पण ‘आवडली का?’ विचारू नका, ते ‘हो’ म्हणतं. पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे कंटाळा येईल तिथे समासात ठिपका दे. दोन-तीन मुलांचे ठिपके एकाच परिच्छेदावर आले तर तो परिच्छेद काढा, डागडुजी करू नका. मग विचारा, ‘शेवटानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल?’ मूल पटकन काही सांगू शकलं तर पात्र जिवंत आहे. ‘ती खूप शिकली आणि कलेक्टर झाली’ असं उत्तर आलं तर कथेत कुठे तरी उपदेश शिल्लक आहे, शोधा.

पाठवायची असेल तर: बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं. त्याचे आणि बाकी मुलांच्या मासिकांचे अलीकडचे अंक वाचून लांबीचा अंदाज घ्या. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं, ऑक्टोबरात पाठवून उपयोग नाही. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका.

---

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

सगळ्यांच्या दुरुस्त्या घेऊन शेवटचा परिच्छेद असा झालाय. बघा:

‘माय चुलीपाशी बसली. तिनं न बघता कोनाड्यात हात घातला. हाताला काडेपेटी लागली. “मीठ कुठंय गं?” आता तिला सगळं विचारावं लागत होतं. मुलगी पुस्तकातून वर न बघता म्हणाली, “डाव्या हाताला, डब्यामागं.” माय थोडा वेळ तशीच बसली. मग डावीकडे वळली. खिळ्यावरचं कुलूप गंजलं होतं.’

---

हुरडा

मीठ आणि काडेपेटीची अदलाबदल बरोबर आहे. चुलीजवळच्या कोनाड्यात काडेपेटी कोरडी राहते, मुलीने त्यासाठीच जागा बदलली असणार. ते सांगितलं नाहीत ते छान.

---

कोरडवाहू

कुलूप सहा महिन्यांत गंजेल का? पावसाळा तर निघण्याआधीच संपलेला. आणि बंद घराचं कुलूप बाहेर उन्हापावसात असायचं, ते या वर्षी घरात आहे. गंजणार नाही, त्याच्यावर धूर बसेल. ‘काळं पडलं होतं’ करा.

---

जुनी वही

‘आता तिला सगळं विचारावं लागत होतं’ हे वाक्य काढा. मिठाचा प्रश्न तेच सांगतोय. आणि कुलपाचं वाक्य ‘माय थोडा वेळ तशीच बसली’च्या आधी घ्या, म्हणजे तिची नजर कुठे होती ते कळेल. मग ‘डावीकडे वळली’वर कथा थांबते.

---

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

दोन्ही केलं. आता १९४० शब्द झालेत. पूर्ण मसुदा रविवारी याच धाग्यावर टाकते, ठिपके तिथेच द्या.